एसी आला, कूलर गेला, आणि शेजाऱ्यांचा शब्द न् शब्द ऐकू यायला लागला

खसरावाली

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे. दोन ओळींत विचारला असता तर "हेडफोन घ्या ताई" एवढंच उत्तर आलं असतं, आणि हेडफोन घेऊन मी आधीच पस्तावली आहे.

नागपुरात धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्याचा समोरचा हॉल आहे, २० बाय १५ फूट. त्यात चार टेबलं आणि चार धंदे. दाराशी विमावाले काका. त्यांच्या मागे, म्हणजे माझ्या अगदी पुढ्यात, ट्रॅव्हल्सवाले दादा. पुण्या-हैदराबादच्या स्लीपर गाड्यांच्या सीटा बुक करतात. खिडकीजवळ जीएसटीची रिटर्नं भरणारा पोट्टा, जो दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलतो, देव त्याचं भलं करो. आणि मागच्या कोपऱ्यात मी. दादांची खुर्ची माझ्यापासून सहा फुटांवर आहे, टेप लावून मोजलं.

माझं काम कागदांचं. कोर्टात लावायचे जुने दस्तऐवज मी इंग्रजीत करून देते. खरेदीखतं, वाटणीपत्रं, फेरफार, मृत्युपत्रं. १९५६ च्या आधी, म्हणजे नागपूर मध्य प्रांतात आणि मग जुन्या मध्य प्रदेशात होतं तेव्हाचे कागद कधी हिंदीत, कधी मराठीत, कधी एकाच पानावर दोन्ही. अक्षर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. मौजा, पटवारी हलका नंबर, खसरा नंबर (म्हणजे शेताच्या तुकड्याचा), आराजी (क्षेत्रफळ), मग चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते. भाषा सोपी असते हो, जीव जातो तो आकड्यांत. आणि "हा अनुवाद खरा व बरोबर आहे" याच्याखाली सही माझी असते.

आता गंमत ऐका. गेल्या वर्षीपर्यंत हॉलमध्ये दोन कूलर होते. लोखंडी, खिडकीत बसवलेले, गवताच्या ताट्यांचे. मार्च ते जून त्यांची अशी घरघर की विमावाले काकांना मला काही सांगायचं असलं तर उठून माझ्या टेबलापर्यंत यावं लागायचं. मे महिन्याच्या ४५ अंशांत त्या घरघरीत बसून मी दिवसाला पंधरा-पंधरा पानं काढली आहेत. पाऊस लागला की पाणी बंद, नुसता पंखा चालू. हिवाळ्यात खिडक्या उघड्या, रस्ता सगळा आत. कधी त्रास झाल्याचं आठवत नाही.

यंदा मालकांनी कूलर काढले आणि दीड टनाचा एसी लावला. कूलरच्या खिडक्यांना काचा बसवल्या, वर जिप्समची फॉल्स सीलिंग केली, खाली चकचकीत टाइल्स. आम्ही संत्रा बर्फी वाटली. पहिल्याच सोमवारी माझ्या लक्षात आलं, या एसीला आवाजच नाही. दादांच्या फोनवर पलीकडचा माणूस काय बोलून राहिला तेसुद्धा मला ऐकू येऊन राहिलं होतं.

जुलैत व्हायचं ते झालं. १९४८ चं हिंदी खरेदीखत, आराजी १ एकर २७ डिसमिल. माझं बोट कागदावर, सत्तावीसच्या खाली. तेवढ्यात दादा फोनवर, "अठ्ठावीस, अठ्ठावीस तारीख! खालची नाही, वरची सीट आहे. अहो अठ्ठावीस!" आणि मी टाइप केलं १.२८. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, त्यात ४३५ चौरस फूट बसतात. लोक तेवढ्यासाठी सख्ख्या भावाशी बोलणं सोडतात. वकीलसाहेबांनी रात्री साडेनऊला चूक पकडली, सकाळी कागद दाखल होणार होता. ते रागावले नाहीत. "मॅडम, हे एकदा बघून घ्या," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पश्चिमेस नाला होता, तिथे मी रोड लिहिला, कारण काका कोणाला तरी घरचा रस्ता समजावून सांगत होते. ती चूक माझी मलाच दिसली, पण हातपाय गार पडले.

काय काय करून पाहिलं ते सांगते. आवाज मारणारे इअरबड घेतले, साडेतीन हजारांचे. एसीची होती नव्हती तेवढी गुणगुण गायब झाली आणि दादांचं "हॅलो" आणखी स्वच्छ यायला लागलं. बासरी लावली, अर्ध्या तासात डुलकी. कापसाचे बोळे घातले, कान दुखले. सकाळी आठला येऊन पाहिलं. ते दोन तास सोन्याचे, पण डबे आणि मुलीची शाळा सांभाळून आठवड्यात दोनच दिवस जमते. घरी बसावं तर मनीषनगरात दोन खोल्या आणि सासऱ्यांना कमी ऐकू येते, टीव्ही शेजारच्या बिल्डिंगसाठीही चालू असतो.

दादांशी बोलली. "हो ना ताई, बिलकुल," म्हणतात, दहा मिनिटं कुजबुजतात, मग अकराव्या मिनिटाला हैदराबादची गाडी लेट होते. माणूस वाईट नाही. मागच्या पावसाळ्यात माझी स्कूटी बंद पडली तेव्हा रात्री नऊला ढकलत मेकॅनिककडे नेली त्यांनी. भांडायचं नाही मला.

तर विचारायचं असं: कूलरचा एवढा मोठा आवाज चालत होता आणि माणसाचं साधं बोलणं चालत नाही, हे माझं डोकं फिरलं म्हणून की याला काही कारण आहे? आणि स्वस्तात काय करता येईल? जागा बदला म्हणू नका. या भाड्यात धंतोलीत दुसरी जागा मिळत नाही, जी रिकामी होते तिथे दवाखाना उघडते.

तर्री_एक्स्ट्रा

ताई, पोळा आलाच आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली की इतवारीत उभं राहून जोरात ओरडा, "धंतोलीचे फोन घेऊन जा गे मारबत!" लोक रोगराई देतात, महागाई देतात, तुम्ही स्लीपर कोच द्या. फुकटातला उपाय आहे.

खसरावाली

भाऊ, तिथल्या ढोलांत मी टेबल टाकून बसली तर एकही चूक होणार नाही. तेच तर दुखणं आहे.

नियमाने_चला

एवढं सहन कायले करायचं? ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले आहेत. व्यावसायिक भागात दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलवर ॲप टाका, मोजा आणि तक्रार द्या.

मांडव_ते_माईक

नियमही बरोबर आणि आकडाही बरोबर, पण भाऊ, ती मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे. भोंगे, जनरेटर, कारखाने यांच्यासाठी. चार भिंतींच्या आत माणसानं फोनवर किती जोरात बोलावं याच्याशी तिचा संबंध नाही. आणि साधं बोलणं तीन फुटांवर ६० डेसिबलच्या आसपास भरते. ताई मोजायला गेल्या तर दादा नियमात बसतील आणि ताईंचा जुना कूलर बसणार नाही!

ताई, डोकं तुमचं ठिकाणावर आहे. मी वीस वर्षं साउंडच्या धंद्यात आहे. आधी मांडवात भोंगे चढवले, आता हॉल आणि रेकॉर्डिंगच्या खोल्यांचं काम करतो. तुम्ही जे सांगून राहिल्या ते आम्ही रोज पाहतो: खोली शांत केली की तक्रारी वाढतात.

कारण असं. बोलण्याचा अर्थ मुख्यतः व्यंजनांत असतो, आणि व्यंजनं अगदी छोटी आणि अशक्त असतात. क, ट, स, फ. कूलरचा आवाज जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांत पसरलेला आणि न थांबणारा, त्यात ती व्यंजनं बुडून जातात. कोणीतरी बोलून राहिलं हे कळते, काय ते कळत नाही. बाहेरच्या देशांत मोठ्या ऑफिसांमध्ये मुद्दाम छतात स्पीकर लावून असाच मंद फस्स आवाज सोडल्या जातो, ४५ डेसिबलच्या आसपास ठेवतात. तुमच्याकडे तो बादलीभर पाण्यात येत होता, तो तुम्ही बर्फी वाटून घालवला.

माझी बायको मानसशास्त्र शिकवते, तिला तुमचा अठ्ठावीसचा किस्सा वाचून दाखवला. ती म्हणाली, ही जुनी गोष्ट आहे. १९७६ साली कोल आणि वेल्श या दोघांनी लोकांना डोळ्यांसमोर अक्षरं दाखवून ओळीनं लक्षात ठेवायला सांगितली आणि मागे जर्मन भाषेतलं वाचन लावून ठेवलं. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हती, तरी चुका वाढल्या. म्हणजे आकडे किंवा अक्षरं क्रमानं डोक्यात धरायची असली की अर्थ न कळणारं बोलणंही आडवं येते. नंतरच्या प्रयोगांतून कळलं की आवाज थोडा लहान-मोठा केल्यानं फारसा फरक पडत नाही, त्रास त्याच्या सारख्या बदलण्याचा असतो. घरघर बदलत नाही म्हणून चालते. तुमच्या बाबतीत तर समोरचा माणूस आकडेच ओरडत होता, आणि तेही तुमच्याच भाषेत.

इअरबडचं पण तेच. ते यंत्र समोरून येणाऱ्या लाटेच्या उलटी लाट सोडते. खालच्या पट्टीतला, एकसारखा आवाज त्याला छान मारता येते: विमान, एसी, पंखा. माणसाच्या बोलण्यातली वरची पट्टी त्याच्या हातून सुटते. तुम्ही साडेतीन हजार देऊन उरलासुरला कूलरही बंद केला. त्यापेक्षा दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग घ्या. पाकिटावर ३० डेसिबलच्या आसपासचा आकडा असतो, पण नीट बसवला तरच. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कानाचं टोक वर-मागे ओढायचं, आत घालून फुगेपर्यंत धरून ठेवायचं. नव्वद टक्के लोक तो दारात ठेवल्यासारखा नुसता टेकवतात. (नव्वद हा माझा अंदाज, बायकोनं तपासलेला नाही.)

आता खोली. छत दहा फुटांवर धरलं तर तुमची खोली साधारण ८५ घनमीटर होते. घुमारा किती वेळ राहील याचं एक साधं सूत्र आहे. वॉलेस सॅबिन नावाच्या प्राध्यापकानं १८९० च्या दशकात हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात रात्र-रात्र थिएटरच्या गाद्या ने-आण करून ते शोधलं. ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज पिणारं क्षेत्रफळ. टाइल्स, काच, जिप्सम, प्लास्टर, यांतलं कोणीच आवाज पीत नाही. तुमच्या खोलीत सगळं मिळून ८ चौरस मीटर धरलं तर १.७ सेकंद निघतात. ऑफिससाठी हे फार झालं. २ इंची रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) ४ बाय २ फुटांचे बारा पॅनेल लावले तर ०.९ वर येईल. साध्या लाकडी पट्टीची चौकट, आत रॉकवूल, वर गांधीबागेतून आणलेलं सुती कापड. हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधूनच करा, रॉकवूल फार खाजवते. अंड्यांचे ट्रे लावू नका. कोणीतरी सांगेलच म्हणून आधी सांगतो. तो पुठ्ठा झुरळांच्या कामाचा, आवाजाच्या नाही.

पण खोटं सांगणार नाही. पॅनेलनं घुमारा जाईल, सहा फुटांवरून थेट येणारा दादांचा आवाज जाणार नाही. त्याच्यासाठी दादांचं तोंड फिरवा. व्यंजनं तोंडाच्या समोर जातात, डोक्याच्या मागे बोथट होऊन पोचतात. दादांसमोर तुम्ही नाही, पॅनेल लावलेली भिंत पाहिजे. अंतर वाढवता आलं तर आणखी बरं.

आणि कूलर हवाच असेल तर छोटा पंखा तुमच्या पायाशी लावा, दादांच्या जवळ नाही. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरनं १९११ सालीच हे लिहून ठेवलं, आपल्याला लग्नाच्या पंगतीत रोज दिसते. पंखा दादांच्या कानाशी ठेवला तर ते ओरडायला लागतील आणि तुम्ही होत्या तिथेच याल.

हॅलो_बोला

ताई, मी तुमचा दादा नाही, पण मीही दादाच आहे. बेसा रोडला प्लॉटचं काम करतो आणि माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांचं डोकं मीच खातो. आमची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहून राहिलो.

आम्ही ओरडतो त्याचं कारण नव्वद टक्के वेळा (मीही आता हाच आकडा वापरतो) पलीकडचा ओरडत असतो. तो बसस्टँडवर उभा, मागे गाडीवाल्याची हाळी. इथे काचा बंद, टॉवरची काडी एकच. हळू बोललं की त्याला वाटते हा काहीतरी लपवून राहिला. आमचा फोन म्हणजेच आमचं दुकान आहे, त्याचं शटर अर्धं पाडून धंदा होत नाही.

"हळू बोला" म्हणू नका. ते ऐकून माणूस हो म्हणतो, कारण नाही म्हणायला जागा नसते, आणि त्याला मनातून लागते. माझ्या ऑफिसातल्या मॅडमनं काय केलं सांगतो. एक दिवस वायरवाला इअरफोन आणून माझ्या टेबलावर ठेवला. माइक तोंडाजवळ आला की आवाज आपोआप उतरतो. दुसरं, फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करून दिलं, ते सेटिंग माझ्याच फोनमध्ये होतं आणि मलाच माहीत नव्हतं. "आवाज येऊन राहिला का, आवाज येऊन राहिला का" हे वाक्य अर्धं झालं.

आणि तुमच्या अठ्ठावीसचा इलाज तर दादांच्याच फायद्याचा आहे. तारीख, सीट नंबर, वेळ, रुपये, हे तोंडानं सांगायचंच नाही. "व्हॉट्सॲपवर टाकतो, वाचून हो म्हणा." गिऱ्हाईक नंतर "तुम्ही सव्वीस म्हणाले होते" करत नाही, कारण लिहिलेलं समोर असते. मी प्लॉटचे रेट तोंडी सांगणं बंद केलं तेव्हापासून माझी निम्मी भांडणं संपली. दादांना हे धंद्याची गोष्ट म्हणून सांगा, तुमच्या त्रासाची म्हणून नाही.

रेमिंग्टन_काकू

मी १९८१ साली टंकलेखक म्हणून लागली, सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात. एका हॉलमध्ये अकरा मशिनी. वर पंखे असे की वजन ठेवल्याशिवाय कागद जागेवर राहत नसे. अकरा मशिनींच्या टकटकीत आम्ही जमिनीच्या याद्या टाइप केल्या आहेत, सात-सात प्रती, मध्ये कार्बन. चूक झाली तर सातही प्रतींवर खोडायचं. त्यामुळे तुमचं दुखणं मला समजते.

पण एक स्पष्ट बोलते, राग मानू नका. वकिलानं रात्री साडेनऊला चूक पकडली म्हणजे तुमच्याकडे मिलान झालंच नव्हतं. दादा ओरडले म्हणून सत्तावीसचं अठ्ठावीस झालं, मान्य. ते अठ्ठावीस तुमच्या सहीपर्यंत पोचलं ते दादांमुळे नाही.

आमच्याकडे मिलानाला दोघी बसायच्या. एक मूळ वाचायची, दुसरी टाइप केलेलं धरायची. आणि आकडा कधीच "सत्तावीस" असा वाचायचा नाही, ही पहिल्याच दिवशीची शिकवण. "दोन, सात." मराठीत बोलताना सात आधी येतो आणि वीस मागून, लिहिताना दोन आधी. सत्तावीस-अठ्ठावीस, एकोणसाठ-एकोणसत्तर, त्रेसष्ट-त्र्याहत्तर, सगळी जुळी भावंडं. नाव घेतलं की कान फसतो. एकेक अंक सुटा वाचला की शेजारी कोणी "अठ्ठावीस" ओरडला तरी त्याचं तुमच्या "दोन, सात"शी नातं जुळत नाही.

तुमचे सकाळचे दोन दिवस आहेत ना, ते मजकुरात वाया घालवू नका. त्या दोन तासांत आठवड्याच्या सगळ्या कागदांतले आकडे आणि चतुःसीमा तेवढ्या एका वेगळ्या तावावर उतरवून काढा, मिलान करून खाली तारीख टाका. मग "सदरहू मिळकत वडिलोपार्जित असून" हे दुपारी दादांच्या बाजारातही होते. ते वाक्य तुम्हाला पाठच असेल.

आणि कोणी हाक मारली, उठावं लागलं, तर उठण्याआधी पुढच्या शब्दाखाली पेन्सिलीनं टिंब द्यायचं. आमचे साहेब बेल वाजवायचे तेव्हा आम्ही टिंब दिल्याशिवाय उठत नसू, साहेब दोनदा वाजवो की तीनदा.

खसरावाली

काकू, लागलं, पण बरोबर जागी लागलं. मिलान मी एकटीच करते आणि तेही थकल्यावर. एकोणसाठ-एकोणसत्तरनं तर मागच्या वर्षी एक मृत्युपत्र दोनदा करायला लावलं होतं, तेव्हाही दोष मी चष्म्याला दिला.

मांडवभाऊ, बारा पॅनेल आमच्या चौघांच्या खिशात बसत नाहीत आणि मालक नव्या भिंतीला खिळा मारू देणार नाहीत. आधी तोंड फिरवण्याचं बघते. करून सांगते.

खसरावाली

तीन आठवडे झाले. कोणाला वाचायचं असेल तर हिशेब देते.

दादांचं टेबल फिरवण्यात चार दिवस गेले. ज्या भिंतीकडे मांडवभाऊंनी तोंड करायला सांगितलं ती दक्षिण निघाली. दादा म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी काहीही, पण दक्षिणेकडे तोंड करून गल्ला नाही." शेवटी पूर्वेवर तडजोड झाली. माझ्याकडे आता दादांचा डावा कान आहे, तोंड नाही. अंतर सहाचं नऊ फूट झालं, कारण मधलं कपाट काढून मी आणि जीएसटीवाल्यानं मागच्या पॅसेजमध्ये ढकललं. त्यात कोणाची फाइल आहे हे अजून कोणाला माहीत नाही.

पॅनेल चारच केले. दोन मी, दोन काकांनी. भिंतीला टोचले नाहीत, दादांच्या समोर पडदा लावतात तशा लोखंडी स्टँडवर लटकवले. चारांनी खोलीचा घुमारा गेला असं म्हणणार नाही, पण टाळी वाजवली की आधी टणटण यायची ती कमी आहे. दादांना स्वतःला जास्त फरक वाटतो. "आपलाच आवाज परत येत नाही आता," म्हणाले.

पंख्यावरून मालकांशी थोडं झालं. "एवढा एसी लावून दिला अन् वर पंखा?" छोटा टेबलफॅन आहे, माझ्या पायाशी, ५५ वॉटचा. दिवसभर चालला तर अर्धा युनिट जळते, ते माझ्या बिलात टाका म्हटलं. पावसाळ्यात पाय गारठतात म्हणून मोजे घालून बसते. धंतोलीत मोजे घालून, पंखा लावून, एसीत. सासूबाईंना सांगितलं नाही.

सर्वांत जास्त काम केलं ते हॅलोभाऊंच्या व्हॉट्सॲपनं. मी दादांना एवढंच म्हटलं की तारीख लिहून दिली तर गिऱ्हाईक फिरणार नाही. दोन दिवसांनी खरंच एक माणूस भांडायला आला आणि दादांनी त्याला त्याचंच "हो" दाखवलं. तेव्हापासून सीट नंबर तोंडातून निघत नाही. हॉलमध्ये अजूनही बोलणं आहे, पण त्यात आकडे राहिले नाहीत.

विमावाले काकांचं मात्र जमलेलं नाही. त्यांचा फोन स्पीकरवर असतो. इअरफोन नेऊन दिला तर त्यांनी तो उजव्या कानात घातला, मग डाव्यात, मग गप्प काढून ठेवला. मला तेव्हा कळलं की स्पीकर हौसेचा नाही. सासऱ्यांना घरी पाहते, तरी इथे सहा महिने डोक्यात आलं नाही. काकांना तपासणीचं कसं सुचवावं ते अजून ठरत नाही. त्यांचा फोन लागला की मी फोमचे प्लग घालते, कानाचं टोक वर-मागे ओढून, फुगेपर्यंत धरून. मांडवभाऊ, पाकिटावरही हेच चित्र आहे.

मंगळवार-शुक्रवार सकाळी आठ ते दहा फक्त आकडे, काकूंच्या पद्धतीनं. वेगळा ताव, एकेक अंक सुटा, पेन्सिलीचं टिंब. या तीन आठवड्यांत एकोणीस दस्तऐवज गेले, अजून वकीलसाहेबांचा फोन आलेला नाही. बाकी दिवशी मध्येच एखादा आकडा आला तर तोही मी तसाच वाचते, जरा ओठ हलवून. "एक, चार, सात, बटा, दोन."

काल जीएसटीवाला पोट्टा उठून माझ्या टेबलाशी आला. त्याच्या त्या दिवसाच्या चार वाक्यांपैकी तीन त्यानं इथेच खर्च केली. "मॅडम, आकडे मनात वाचाल का? काल माझ्या एका बिलाच्या नंबरात तुमचा खसरा आला. पार्टीनं पकडला."

मांडवभाऊ, एक पॅनेल आता माझ्यासमोर लावावं लागेल. चार बाय दोनचं पुरेल का?